यूसीएलएचा मानाचा पहिला कोण?

गावसकर मोठा की तेंडुलकर, हा वाद झाला नाही असं मराठी घर शोधूनच काढावं लागेल. लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या शाखेत, म्हणजे यूसीएलएत, असाच वाद बास्केटबॉलपटूंवरून पन्नास वर्षं रंगतो आहे. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं वेड किती, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. त्यात पुरुषांची ११ राष्ट्रीय (एनसीएए) विजेतेपदं यूसीएलएच्या नावावर आहेत. इतकी दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाकडे नाहीत. साहजिकच, इथला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडताना नावं कमी पडत नाहीत, ती गाळायची कशी हाच प्रश्न पडतो.

वादात उतरण्याआधी एक नियम ठरवून घ्यायला हवा. खेळाडूने कॉलेजच्या जर्सीत जे केलं, तेवढंच धरायचं. पुढे व्यावसायिक लीगमध्ये मिळालेली कीर्ती बाजूला ठेवायची. हा नियम लावला की रसेल वेस्टब्रुक आणि केविन लव्ह ही मोठी नावं मागे सरकतात. वेस्टब्रुक इथे दोन हंगाम खेळला, लव्ह एकच. रेगी मिलर चार वर्षं खेळला आणि उत्तम खेळला, पण राष्ट्रीय विजेतेपद त्याच्या वाट्याला आलं नाही.

मोजे घालायला शिकवणारा गुरू

या वादातली बहुतेक नावं एकाच गुरूच्या हाताखाली घडली. जॉन वुडन १९४८ मध्ये यूसीएलएत प्रशिक्षक म्हणून आले. पहिलं विजेतेपद मिळायला १९६४ उजाडलं, आणि १९७५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी दहा जिंकली. त्यातली १९६७ ते १९७३ ही सात तर ओळीने!

हंगामाच्या पहिल्या सरावाला वुडन खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत. देशभरातून निवडून आणलेली, कीर्ती मिळवलेली पोरं समोर बसलेली असत. वुडन त्यांना मोजा बोटांपासून टाचेपर्यंत हाताने सपाट करायला लावत. कुठे चुणी राहिली नाही ना, हे पाहिलं की मग बूट, आणि त्याची नाडी एकेका भोकापाशी ओढून घट्ट. कारण साधं होतं. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, आणि सराव बुडाला की सामना हातचा जातो. यूसीएलएच्या विजेतेपदांचा पाया इतक्या बारीक गोष्टींवर घातलेला आहे.

१९६४ च्या संघात उंच खेळाडू नव्हते. सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटी एकही नव्हता. त्यांनी संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला दाबून धरणारा बचाव वापरला आणि तीसच्या तीस सामने जिंकले. वॉल्ट हॅझर्डची पास देण्याची नजर या संघाचा प्राण होती. दुसरा गार्ड गेल गुडरिच. पुढच्या वर्षी मिशिगनविरुद्धच्या अंतिम सामन्यात या सहा फूट एक इंच उंचीच्या खेळाडूने ४२ गुण केले. त्यातले १८ फ्री थ्रोवर होते, म्हणजे त्याला रोखताना मिशिगनला वारंवार फाउल करावे लागत होते. पुढे आलेल्या उंच सेंटरांच्या सावलीत गुडरिच झाकला गेला, हे मला त्याच्यावर अन्यायाचं वाटतं.

अल्सिंडर: ज्याच्यासाठी नियम बदलला

न्यूयॉर्कहून आलेला सात फूट दोन इंच उंचीचा ल्यू अल्सिंडर पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. पण नोव्हेंबर १९६५ मध्ये नव्या पॉली पॅव्हिलियनमध्ये पहिल्या वर्षाची मुलं आणि मुख्य संघ यांच्यात सामना झाला. मुख्य संघ लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. अल्सिंडरने ३१ गुण आणि २१ रिबाउंड केले, आणि नवख्यांनी विजेत्यांना ७५-६० असं हरवलं.

पुढची तीन वर्षं म्हणजे ८८ विजय आणि दोन पराभव. मुख्य संघाकडून पहिल्याच सामन्यात ५६ गुण. तिन्ही वर्षी राष्ट्रीय विजेतेपद, आणि तिन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच. पुरुषांच्या स्पर्धेत हा मान तीनदा मिळवणारा तो एकमेव आहे.

एका पराभवाची गोष्ट त्याच्या बाजूने बोलते. २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ प्रेक्षक जमले होते आणि देशभर दूरचित्रवाणीवर सामना दिसत होता. आठवड्यापूर्वी अल्सिंडरच्या डोळ्याच्या बुबुळाला इजा झाली होती. त्याला जेमतेम १५ गुण करता आले. ह्यूस्टनच्या एल्विन हेजने ३९ काढले आणि यूसीएलए ७१-६९ असं हरलं. दोनच महिन्यांनी राष्ट्रीय उपांत्य फेरीत पुन्हा गाठ पडली. या वेळी डोळा बरा होता. यूसीएलएने १०१-६९ असा धुव्वा उडवला आणि हेजला दहा गुणांवर रोखलं.

त्याच्या पहिल्याच हंगामानंतर, १९६७ मध्ये, कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली. ही बंदी त्याच्यासाठीच आहे, असं तेव्हाही उघड बोललं जाई. ती १९७६ पर्यंत टिकली. चेंडू वरून रिंगमध्ये घालण्याचं हत्यार काढून घेतल्यावर अल्सिंडरने आपला हुक शॉट आणखी धारदार केला. एका हाताने, डोक्यावरून, बचाव करणाऱ्याच्या आवाक्याबाहेरून टाकलेला तो चेंडू पुढे त्याची ओळख झाला.

मैदानाबाहेरही तो ताठ कण्याने वागला. कृष्णवर्णीयांना देशात मिळणाऱ्या वागणुकीमुळे तो १९६८ च्या ऑलिंपिकपासून दूर राहिला. विशीतल्या विद्यार्थ्याने असं करायला हिंमत लागते.

वॉल्टन: एका रात्रीची पूर्णता

बिल वॉल्टनचे पाठीराखे सगळ्यात आधी २६ मार्च १९७३ ची रात्र पुढे करतात. मेम्फिस स्टेटविरुद्धचा अंतिम सामना. वॉल्टनने रिंगच्या दिशेने २२ वेळा चेंडू टाकला आणि २१ वेळा बास्केट झाली. डंकवर बंदी असल्यामुळे गार्ड ग्रेग ली चेंडू उंच उडवायचा, वॉल्टन तो हवेतच झेलायचा आणि बोर्डच्या आधाराने हळुवार आत सोडायचा. त्याचे एकूण गुण झाले ४४. गुडरिचचा ४२ चा विक्रम त्याने मोडला, आणि अंतिम सामन्यातला हा उच्चांक अजून उभा आहे.

मात्र वॉल्टनचं मोठेपण फक्त गुणांमध्ये नव्हतं. रिबाउंड घेतला की पाय जमिनीला टेकायच्या आत पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे चेंडू निघालेला असे. सेंटर असूनही सामन्यागणिक पाचाहून जास्त असिस्ट त्याच्या नावावर आहेत. यूसीएलएच्या सलग ८८ विजयांपैकी ७३ त्याच्या काळातले. तिन्ही वर्षी तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनात त्याला अटकही झाली. लांब केस आणि दाढी ठेवायचा आपला हक्क त्याने वुडनना ठणकावून सांगितला. वुडननी तो हक्क मान्य केला, पण मग तुझ्यावाचून खेळावं लागेल, हेही सांगितलं. वॉल्टन केस कापून आला. २०२४ मध्ये वॉल्टन गेला, तोवर गुरूचं नाव त्याच्या तोंडी कायम होतं.

पण अखेरचा हंगाम हातातून निसटला. जानेवारी १९७४ मध्ये नोत्र दामविरुद्ध ११ गुणांची आघाडी असताना शेवटच्या साडेतीन मिनिटांत प्रतिस्पर्ध्याने ओळीने १२ गुण केले. यूसीएलए ७१-७० असं हरलं, मालिका तुटली. मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने दुसऱ्या जादा वेळेत ८०-७७ असं हरवून विजेतेपदाची वाट बंद केली.

आकड्यांत न मावणारे

आणखी काही नावं अदबीने घ्यायला हवीत. सिडनी विक्स सहा फूट आठ इंचांचा. १९७० च्या अंतिम सामन्यात त्याने जॅक्सनविलच्या सात फूट दोन इंची आर्टिस गिलमोरचे फटके अडवले आणि सामना फिरवला. मार्कस जॉन्सनला १९७७ मध्ये वुडन यांच्या नावाचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये एड ओ'बॅननने अंतिम सामन्यात ३० गुण आणि १७ रिबाउंड करून वीस वर्षांनी विजेतेपद परत आणलं.

पुरुषांत एकूण गुण सर्वाधिक डॉन मॅकलेनचे, २,६०८. अल्सिंडरचे २,३२५. पण मॅकलेनला चार हंगाम मिळाले, अल्सिंडरला तीन. अल्सिंडर आणि वॉल्टन यांच्या काळात ब्लॉक अधिकृतपणे मोजलेच जात नव्हते. या दोघांच्या खेळाचा निम्मा भाग, म्हणजे त्यांचा बचाव, कागदावर उतरलेलाच नाही. नुसते आकडे मांडून निकाल लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अ‍ॅन मेयर्सशिवाय यादी अपुरी

या वादात बहुतेक वेळा फक्त पुरुषांचीच नावं येतात, आणि माझा आक्षेप इथेच आहे. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये आला. त्यानंतर दोनच वर्षांनी अ‍ॅन मेयर्स यूसीएलएची पूर्ण चार वर्षांची क्रीडा शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री ठरली. फेब्रुवारी १९७८ मध्ये तिने एका सामन्यात २० गुण, १४ रिबाउंड, १० असिस्ट आणि १० स्टील केले. चार बाबतींत दोन आकडी कामगिरी अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या गटात तोपर्यंत कुणाही पुरुषाची किंवा स्त्रीची नोंदली गेलेली नव्हती. त्याच वर्षी मेरिलँडला ९०-७४ असं हरवून तिने यूसीएलएला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. त्या संघात पहिल्या वर्षाची डेनिस करी होती. करी १३० सामने खेळली, प्रत्येक सामन्यात तिने दहा किंवा जास्त गुण केले, आणि तिची बेरीज झाली ३,१९८. मॅकलेनहून जवळपास सहाशे जास्त.

विद्यापीठाला हे कळलेलं होतं. १९९० मध्ये पहिल्यांदा जर्सी क्रमांक निवृत्त केले, तेव्हा चार नावं निवडली गेली: अल्सिंडर, वॉल्टन, मेयर्स आणि करी.

माझा निकाल असा. एका सामन्यासाठी खेळाडू निवडायचा झाला तर वॉल्टन. पण संपूर्ण कारकीर्द तोलली तर पहिला मान अल्सिंडरचा, कारण मध्येच त्याचं हत्यार काढून घेऊनही तो तीनपैकी तीन वेळा जिंकला. वॉल्टन दुसरा, आणि मेयर्स तिसरी. गुणांच्या जोरावर कुणी करीला तिच्या वर बसवलं तर मी ऐकून घेईन, पण मेयर्सने जिथे पाय ठेवला तिथे आधी वाटच नव्हती. दोघी ज्या यादीत नाहीत, ती यादी यूसीएलएच्या अर्ध्याच इतिहासाची आहे.