येलहंकाचे आकाश आणि श्रावकाचा प्रश्न

बंगळुरूच्या उत्तरेस असलेल्या येलहंका हवाई तळावर भरणाऱ्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनाची परंपरा १९९६ सालापासूनची आहे. दर दोन वर्षांनी, आणि अलीकडे फेब्रुवारीत, हा पाच दिवसांचा सोहळा होतो. आरंभीचे दिवस व्यापारी व लष्करी अभ्यागतांसाठी राखलेले असतात, तर अखेरचे दिवस सर्वसामान्यांसाठी खुले असतात. मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबांनी हे आधी ध्यानी घ्यावे.

प्रमुख आकर्षण अर्थातच आकाशात असते. ‘सूर्यकिरण’ पथकाची नऊ हॉक विमाने पंखाला पंख लावल्यागत उडतात, तेव्हा प्रेक्षकांचा श्वास रोखला जातो. स्वदेशी ‘तेजस’ सरळ वर झेपावते आणि त्याचा आवाज छातीत घुमतो. २०२५ साली रशियाचे सुखोई-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ ही दोन्ही विमाने एकाच तळावर पाहावयास मिळाली, हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल. मात्र या कसरती म्हणजे खेळ नव्हे. २०१९ साली प्रदर्शनापूर्वीच्या तालमीत सूर्यकिरणच्या दोन विमानांची टक्कर होऊन एक वैमानिक प्राणास मुकला. टाळ्या वाजवणाऱ्या मुलांना हेही सांगावे.

एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. प्रदर्शनाच्या काळात महानगरपालिका तळाभोवतालच्या काही किलोमीटर परिसरात मांसविक्री व मांसाहारी पदार्थ वाढणे बंद ठेवते. उघड्यावर पडलेल्या अवशेषांकडे घारी आकृष्ट होतात आणि घार विमानावर आदळली तर अनर्थ ओढवतो, हे त्यामागील कारण. हेतू जीवदयेचा नाही, सुरक्षेचा आहे. पण घारीचा जीवही त्यात वाचतो, हे नाकारता येत नाही.

आता व्यापारी घराण्यांना आपलासा वाटावा असा इतिहास. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. पुढल्याच वर्षी हार्लो जातीचे शिकाऊ विमान तेथे जुळवून तयार झाले. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, सरकारने कारखाना स्वतःकडे घेतला आणि १९६४ मध्ये त्यातूनच आजची ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ उभी राहिली. तेजस याच संस्थेत बनते. ज्या काळी या देशात मोटारगाडीही तयार होत नव्हती, त्या काळी विमानाच्या कारखान्यात भांडवल घालण्याचे धैर्य एका पेढीवाल्याच्या मुलाने दाखवले.

अंतराळ दालनातही असाच धागा सापडतो. भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक डॉ. विक्रम साराभाई हे अहमदाबादच्या कॅलिको मिलचे मालक अंबालाल साराभाई यांचे पुत्र. हे घराणेही जैन. थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले अग्निबाण उडाले, तेव्हा तेथील चर्चची वास्तू हेच कार्यालय होते. प्रक्षेपकांच्या प्रतिकृतींसमोर उभे राहून मुलांना एवढे अवश्य सांगावे : ज्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाला लोक कौतुकाने ‘बाहुबली’ म्हणतात, त्याने जुलै २०२३ मध्ये चंद्रयान-३ अवकाशात नेले आणि २३ ऑगस्टला चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक जे यान अलगद उतरले, त्याचे नाव ‘विक्रम’.

तथापि अंतराळ दालनातून बाहेर पडताच क्षेपणास्त्रांची रांग लागते, आणि तेथे श्रावकाचे मन अडखळते. आपल्या शास्त्रांनी गृहस्थासाठी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार भेद केले आहेत. संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य. रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही. परंतु त्याच श्रावकाचारात शस्त्रे दुसऱ्याच्या हाती देणे हे ‘हिंसादान’ नावाचे अनर्थदंड सांगितले आहे. एरो इंडिया हे संरक्षणाचे प्रदर्शन आहे, तसाच तो शस्त्रांचा बाजारही आहे. तेथे करार होतात, निर्यातीच्या बोलण्या होतात. देशाच्या सीमेवर उभे असलेले विमान आणि नफ्यासाठी परदेशी विकलेले क्षेपणास्त्र यांना एकाच मापाने तोलता येणार नाही, असे माझे मत आहे. सुटे भाग पुरवणाऱ्या आपल्या उद्योजकांपुढे हा प्रश्न केवळ पोथीतला राहिलेला नाही. तो घरात, मुलांसमक्ष, मोकळेपणाने बोलला जावा.

येलहंकापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर श्रवणबेळगोळ आहे. तेथील सत्तावन्न फुटी भगवान बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारा चावुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता, आणि ती मूर्ती आहे जिंकलेले राज्य सोडून देणाऱ्याची. भरत व बाहुबली यांच्या सैन्यांचा संहार टळावा म्हणून मंत्र्यांनी दोघा भावांपुरतेच दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध ठरवले, ही कथा मुलांना ठाऊक असतेच. प्रदर्शनाला जोडून एक दिवस तेथे अवश्य द्यावा.

प्रवेशपत्रे आधीच काढावीत, कानांसाठी कापूस न्यावा. चौविहार पाळणाऱ्यांनी शिदोरी गाडीत तयार ठेवावी. परतीच्या रहदारीत सूर्यास्त कधी होतो, कळतही नाही.