शेवटच्या खुर्चीपासून पत्त्यांपर्यंत

लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड भागात, फ्रँकलिन ॲव्हेन्यूवर, टेकडीला टेकून एक जुना वाडा उभा आहे. रोलिन लेन नावाच्या बँकरने तो १९०९ साली बांधला. आत गेलं की पुस्तकांच्या कपाटात एक सोनेरी घुबड बसलेलं दिसतं. ‘तिळा तिळा दार उघड’ असं त्याला सांगितलं की कपाट सरकतं आणि वाट मोकळी होते. हाच मॅजिक कॅसल. वकिली करणाऱ्या विल्यम लार्सन यांनी १९५२ मध्ये जादूगारांसाठी अकॅडमी ऑफ मॅजिकल आर्ट्स स्थापन केली. त्यांच्या मागे मिल्ट आणि बिल या मुलांनी २ जानेवारी १९६३ रोजी या वाड्यात तिचा क्लब सुरू केला. इथे जादूगार म्हणून सभासदत्व हवं असेल, तर आधी परीक्षकांपुढे प्रयोग करून दाखवावा लागतो.

जगभरचे जादूगार या वाड्याला पंढरी मानतात आणि तो मान रास्तच आहे. मात्र ज्याला लग्नात, वाढदिवसाला किंवा कंपनीच्या स्नेहसंमेलनात जादूचा कार्यक्रम ठेवायचा आहे, त्याने इथल्या खोल्यांकडे नीट पाहावं. क्लोज-अप, म्हणजे अगदी जवळून बघायच्या जादूच्या गॅलरीत जेमतेम वीस-बावीस माणसं मावतात. पार्लरमध्ये साठेक. ‘पॅलेस ऑफ मिस्टरी’ हे छोटं थिएटरच आहे, तिथे शंभरावर प्रेक्षक बसतात. एकाच संध्याकाळी तिन्ही ठिकाणी खेळ चालतात, पण प्रत्येक खोलीचा जादूगार वेगळा आणि खेळही त्या अंतराला साजेसा. मनोरंजनाचा हा सगळा व्यवहार अंतरावर उभा आहे.

अंतराचं हे मर्म जाणणारा एक माणूस याच वाड्यात रमला. डाय व्हर्नन हा जादूगार मूळचा कॅनडाचा, जन्म १८९४ चा. कोणताही खेळ तीनदा पाहिला की त्यातली गोम आपण ओळखतो, अशी प्रख्यात जादूगार हुडिनीची बढाई होती. १९२२ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात व्हर्ननने त्याच्यापुढे पत्ते काढले. हुडिनीने एका पत्त्यावर शाईने आपली आद्याक्षरं लिहिली. व्हर्ननने तो पत्ता गड्डीत वरून दुसऱ्या जागी सरकवला आणि सगळ्यात वरचा उलटला, तर तोच पत्ता! पुन्हा केलं, पुन्हा तेच. तीनदा होऊन गेलं तरी हुडिनीला पत्ता लागला नाही. या खेळाचा जीव त्या शाईच्या अक्षरांत आहे. हात-दीड हातावर ती स्वतःची म्हणून ओळखता येतात, दहाव्या रांगेतून ती दिसतच नाहीत. तिथे उरतो फक्त पत्ते फिरवणारा एक माणूस.

व्हर्ननने १९९२ पर्यंतच्या आयुष्यातली बरीच वर्षं कॅसलमध्ये तरुण जादूगारांना शिकवण्यात घालवली. हात नैसर्गिक दिसले पाहिजेत, हा त्याचा आग्रह. कारण दोन फुटांवरून बघणाऱ्याला बोटांचा ताणही जाणवतो.

गॅलरीत गाजलेला दुसरा कलाकार अल्बर्ट गॉशमन. टेबलावर मीठदाण्या, दोन्ही बाजूंना प्रेक्षकांतल्या दोन पाहुण्या. ‘प्लीज’ म्हणा, असं तो त्यांना प्रेमाने सांगायचा. दाणी उचलली की खाली नाणं! पुन्हा उचलली की पुन्हा नाणं. सगळ्यांची नजर दाणीवरच असे, तरी तिथे नाणं कधी पोचलं ते कुणालाच कळत नसे. शेजारी बसलेल्या बाईंचा चकित चेहरा हा या खेळाचा अर्धा भाग आहे, म्हणून तो चेहरा सर्वांना दिसेल एवढीच खोली हवी.

खोली छोटी नसेल तर जादूगारानेच बसलेल्या मंडळींपाशी जायचं, ही पद्धत शिकागोत रुजली. मॅट शुलियन हा रेस्टॉरंटचा मालक गिऱ्हाइकांच्या टेबलांपाशी जायचा. पाहुण्याने निवडलेला पत्ता गड्डीत मिसळला जायचा. मग शुलियन अख्खी गड्डी भिंतीवर फेकायचा; बाकीचे पत्ते खाली पडायचे आणि नेमका तो एक पत्ता भिंतीला टोचून राहायचा. मोठ्या समारंभात क्लोज-अप जादू न्यायची खरी रीत हीच: गर्दीला एकत्र न बसवता जादूगाराने घोळक्या-घोळक्याने फिरायचं.

दुसरी वाट कॅमेऱ्याची. २०१५ मध्ये जादूच्या जागतिक स्पर्धेत पत्त्यांच्या क्लोज-अप प्रकारात जिंकलेल्या शिन लिमने २०१८ मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ ही टीव्ही स्पर्धा जिंकली, तीही पत्त्यांवरच. कॅमेऱ्याने त्याची बोटं पडद्यावर आणली म्हणून ते जमलं. पडदा नसेल तर हजार माणसांच्या सभागृहात हा प्रकार ठेवू नये.

आपल्याकडे रस्त्यावरच्या जादूगारांनी हे गणित केव्हाच सोडवलं होतं. जमिनीवर फडकं, त्यावर वाट्या आणि गोळ्या, भोवती कोंडाळं. पुढचे उकिडवे, मागचे उभे, आणि शेवटच्या माणसालाही वाटीखाली दिसेल एवढंच रिंगण. कोंडाळं वाढलं की तो मोठ्या वस्तूंकडे वळायचा.

आता मराठी समारंभ घ्या. साठीशांतीला घरात पंचवीस माणसं असतील तर एक टेबल, एक जादूगार आणि चाळीस मिनिटं पुरेत. या जादूला याहून चांगली जागा नाही. साठ-सत्तर जण असतील तर जादूगाराला थोडं उंचावर उभं करा, माइक द्या आणि दोरी, रुमाल, कड्या असे लांबून दिसणारे खेळ मागा. तीनशेंच्या रिसेप्शनला हिशेब आधी मांडा. दहा-दहांचे तीस घोळके, प्रत्येकाला सहा मिनिटं आणि पुढे सरकायला एक मिनिट, म्हणजे साडेतीन तास. पाहुणे तेवढे थांबत नाहीत. तेव्हा दोन-तीन जादूगार बोलवा, नाहीतर निम्म्या पाहुण्यांनाच खेळ दिसेल हे गृहीत धरा. पंगत बसली असताना मात्र हा कार्यक्रम टाळाच, कारण हात भाताच्या मुदीत असताना कुणी पत्ता निवडू शकत नाही. बुफेच्या आधीचा रेंगाळलेला अर्धा तास उत्तम. डीजे लावलात तर बोलणं ऐकू येणार नाही, आणि या जादूत बोलण्याला बोटांइतकंच काम असतं.

म्हणून बोलणी करताना मानधनाच्या आधी चार गोष्टी सांगा: माणसं किती, बसलेली की उभी, उजेड कसा, आवाज किती. जमल्यास हॉलचा फोटो पाठवा. ज्या जादूगाराने यातलं काहीच विचारलं नाही, त्याला तारीख देऊ नका.