रोजनिशीचे दशक : माटुंग्याच्या घरांतील एका सवयीचा मागोवा

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाने आदेश काढून मंत्रालये, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँका यांना कॅलेंडरे व डायऱ्या छापण्यास मनाई केली. काटकसर आणि संगणकाचा वाढता वापर ही त्यामागची कारणे हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड होती. परंतु मुंबईतील माटुंग्यासारख्या नोकरदारांच्या वस्तीत ज्या घरांत वर्षाअखेरीस बँकेची डायरी हक्काने येत असे, त्या घरांतील रोज चार ओळी लिहिण्याच्या सवयीचा आधारच या निर्णयाने काढून घेतला, आणि याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केल्याचे फारसे दिसले नाही.

मराठीतील रोजनिशीची परंपरा जुनी असली, तरी तिचा पूर्वार्ध घरगुती लेखनाच्या अंगाने कोरडा आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्या म्हणजे राज्यकारभाराच्या दैनंदिन नोंदी होत. त्यांत सनदा आणि वसुली आहे, मनुष्याचा दिवस क्वचितच आहे. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने माटुंग्याची आखणी केली, तेथे मध्यमवर्ग स्थिरावला आणि त्याच्याबरोबर शाळेतून आलेली दैनंदिनीही स्थिरावली. मात्र या दैनंदिनीवर आत्मपरीक्षणाचा बोजा होता : पहाटे किती वाजता उठलो, कोणता दोष घडला, उद्या काय सुधारायचे. मुलांच्या हाती वही देऊन तिच्यात रोज स्वतःवर खटला चालवायला लावणाऱ्या, आणि वर ती वही तपासायला मागणाऱ्या शिक्षकांनी व वडीलधाऱ्यांनी या सवयीचे जेवढे नुकसान केले, तेवढे आळसानेही केले नसेल, हे आता स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर 1980 चे दशक वेगळे उठून दिसते. 1969 मध्ये 14 आणि 1980 मध्ये आणखी 6 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, बँकेतील नोकरी हे अनेक घरांचे स्वप्न होते, आणि बँकेच्या, विमा एजंटाच्या किंवा औषध कंपनीच्या प्रतिनिधीने आणलेल्या डायऱ्या घरात आपापसांत वाटून घेतल्या जात. या डायरीची रचनाच लेखनाला अनुकूल होती. आरंभी सुट्ट्यांची यादी, टपालाचे दर आणि वजनमापांचे कोष्टक. त्यानंतर प्रत्येक तारखेला एक आखलेले पान, आणि बहुधा शनिवार-रविवार मिळून एकच पान. जागा मोजकी असल्याने पाल्हाळ लावता येत नसे, तारीख आधीच छापलेली असल्याने सुरुवात कशी करावी हा प्रश्न पडत नसे, आणि डायरी फुकट मिळालेली असल्याने एखादे पान कोरे राहिले तरी कोणाला अपराधी वाटत नसे. सवय ताजी राहण्यामागे ही तीन साधी कारणे होती.

ज्यांच्या वाट्याला डायरी येत नसे, त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात ‘कालनिर्णय’ होते. जयंतराव साळगावकर यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या या दिनदर्शिकेच्या तारखेच्या चौकोनात गृहिणी दुधाचा खाडा, बाईची दांडी, गॅसचे सिलिंडर लावल्याचा दिवस आणि माहेरहून पत्र आल्याची खूण पेन्सिलीने लिहीत असत, आणि वर्ष संपल्यावर एका संसाराचा संपूर्ण इतिहास बारा पानांत उरत असे. या नोंदींना साहित्य म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नाही; तरीही गिरणी संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाल्यानंतर परळ-लालबागच्या नातेवाइकांना कधी, किती उसने दिले, हे कळण्याचे साधन पुष्कळ घरांत तेवढेच होते.

या दशकातील रोजनिशीचा गुण असा, की तिची नजर बाहेर होती. पाऊस किती पडला, किंग्ज सर्कलला पाणी कुठवर चढले, पाच उद्यानांच्या परिसरात कोणते झाड फुलले, रुईया नाक्यावर कोण भेटले, 25 जून 1983 च्या रात्री विश्वचषक जिंकल्यावर फटाके किती वेळ वाजत होते, हे लिहिताना लिहिणारा स्वतःला विसरत असे, आणि म्हणूनच त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावेसे वाटे. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (1956) या ग्रंथाने मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्ग न्याहाळण्याचा जो वस्तुपाठ घालून दिला होता, त्याचे हे घरगुती रूप म्हणता येईल. महिना पालटला की विषय पालटतो, त्यामुळे कंटाळ्याला जागा राहत नाही.

नव्वदीनंतर दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी डायरी लिहिण्याचा रात्रीचा अर्धा तास घेतला, आणि पुढे मोबाइलने उरलेला. आज ‘जर्नलिंग’ या नावाने हीच सवय महागड्या वह्यांतून आणि अ‍ॅपमधून विकली जाते. सलग किती दिवस लिहिले याची मोजदाद यंत्र ठेवते, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो, आणि मनःशांतीचा वायदा करणारी वही पुन्हा जुन्या दोषांच्या तपासणीवर येऊन ठेपते. दुसरीकडे पुनर्विकासासाठी इमारती रिकाम्या होताना माळ्यावरच्या डायऱ्या किलोच्या भावाने रद्दीत जात आहेत. हे नुकसान केवळ भावनिक नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला सुमारे 74 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. या दोन टोकांच्या मधल्या माटुंग्यात त्या दिवशी कोणत्या गल्लीत, किती वाजता, कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले, हे वेधशाळेच्या आकड्यांतून कळत नाही, ते घरातल्या वहीतूनच कळू शकते.

तेव्हा ज्यांना ही सवय टिकवायची आहे, त्यांनी पान लहान ठेवावे, चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नये, महिन्यागणिक पाहण्याचा विषय बदलावा, आणि गेल्या वर्षीची तीच तारीख अधूनमधून वाचावी. ज्यांच्या घरी आईवडिलांच्या डायऱ्या अजून शिल्लक आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा अथपासून इतिपर्यंत वाचाव्यात. माटुंग्याचा खरा इतिहास त्यांच्यात आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.