मालवणचा किनारा : ऐकीव आणि खरं

मालवणात उतरलेल्या पर्यटकाला खोलीवर पोचेपर्यंत चार गोष्टी तरी ऐकवल्या जातात. काही होडीवाल्याने रंगवलेल्या असतात, काही त्याने मुंबई-पुण्याहून बरोबरच आणलेल्या. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून त्यांत भरच पडत गेली.

गैरसमज : किनारा म्हणजे मोकळी जागा, तिथे कुणाचंच काही नसतं.

कागदोपत्री नसेल, पण वहिवाट आहे. रापण ओढताना एकदा तरी पाहा. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फेर घेते आणि दुसरं टोक बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात. अगदी मागचा गडी दोर सोडून पुढे पाण्यापाशी जातो, तिथे पुन्हा पकडतो. अशा पाळ्या घेत घेत दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि जाळ्याचा घोळ वाळूवर येतो. नशीब असेल तर बांगडा, नाहीतर तारली, पेडवे. कधी नुसतं शेवाळ आणि प्लॅस्टिक.

त्यानंतर वाटे पडतात. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, ओढणाऱ्या हातांचा वेगळा. अनेक रापण संघांत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सभासदाचा किंवा विधवेचा वाटाही चुकत नाही. दोराला हात लावणाऱ्या वाटसरूच्या पिशवीत कालवणापुरते चार मासे पडतात ते वेगळेच. विमा आणि पेन्शन हे शब्द गावात पोचण्याआधीपासूनची ही सोय आहे.

रापणीला दोनच गोष्टी लागतात : काठाजवळ येणारा मासा आणि मोकळी वाळू. मासा पर्ससीनची जाळी आधीच उचलतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. पण अंमलबजावणी ढिली, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार काही थांबलेली नाही. आणि वाळू? तिच्यावर आता खुर्च्या, छत्र्या आणि वॉटर स्पोर्ट्सच्या होड्या. पर्यटनाचा पैसा त्याच गाबीत मच्छीमारांच्या घरांतही येतो, त्यामुळे हे भांडण एकाच ओटीवर बसून चालतं. बाहेरच्याने त्यात न्यायाधीश होऊ नये. ओढणाऱ्यांच्या मधून सेल्फीसाठी धावू नये, एवढं मात्र करावं.

गैरसमज : देवबागचं ‘त्सुनामी आयलंड’ २००४ च्या त्सुनामीने घडवलं.

गोष्ट झकास आहे, तिकीटही खपतं. पण तो कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा आहे. नदी गाळ आणते, भरती-ओहोटी तो पसरवते. भरतीला त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो. जन्म त्या लाटेतला मानला, तरी त्याला रोज पोसते ती नदीच.

गैरसमज : सुरूचं बन म्हणजे कोकणची मूळ वनराई.

सुरू इथला नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो कारवारला १८६८ च्या सुमारास लावला गेला आणि नंतर वनखात्याच्या लागवडीतून सगळीकडे पसरला. सावली छान देतो, वाराही अडवतो. वाळू धरून ठेवायचं इथलं जुनं काम मात्र जांभळ्या फुलांच्या, जमिनीलगत सरपटणाऱ्या मर्यादवेलीचं. ती ‘कचरा’ म्हणून उपटायची आणि मग धूप होते म्हणून दगडी बंधारा मागायचा, हा कारभार उफराटा आहे.

गैरसमज : कौलारू चिरेबंदी घर म्हणजे गरिबी, स्लॅब म्हणजे प्रगती.

या घरांचा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कठीण होत जातो. उतरतं छप्पर कोकणातला पाऊस थांबू देत नाही. सपाट स्लॅबवर तो साचतो, मग गळती लागते आणि मालक वर पत्र्याची शेड चढवतो. म्हणजे उतार परत आलाच, फक्त जास्त पैसे मोजून. कौलांना दुरुस्ती लागते आणि वादळात ती उडतात, हेही खरंच. मे २०२१ च्या तौक्तेने ते दाखवून दिलं.

गैरसमज : दशावतारात दहा अवतार दाखवतात.

रात्रभर बसून दहा मोजायला गेलात तर फसाल. आधी आडदशावतार : गणपती येतो, सरस्वती येते, वेद पळवणारा काळा संकासुर पोरांना हसवून-घाबरवून जातो. मग मुख्य आख्यान, आणि ते बहुधा पुराणातलं एखादंच. पहाटे दहीकाला.

छापील संहिता नसते. कथानक ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, बाकीचं रंगमंचावर. समोरच्याने शास्त्रार्थ काढला की त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, आणि ते लंगडं पडलं तर पुढच्या रांगेतल्या आजोबांना आधी कळतं. साथीला पायपेटी, पखवाज, झांज. कलाकार देवळाच्या पडवीत आरसा पुढ्यात घेऊन आपला चेहरा आपणच रंगवतात. नऊवारी नेसून राणी झालेला पुरुष दुसऱ्या दिवशी शेतावर किंवा दुकानात दिसू शकतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, खानोलकर ही मंडळांची नावं इथे घरोघरी ठाऊक आहेत. ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाने १९८० पासून अवघ्या महाराष्ट्राला हसवलं, पण म्हणून दशावतार म्हणजे फार्स असं समजणाऱ्याने जत्रेतला प्रयोग पाहिलेलाच नसतो.

गैरसमज : कासवाचं पिल्लू दिसलं की उचलून पाण्यात सोडावं, पुण्य लागतं.

लागत नाही. वाळूवरून पाण्यापर्यंतची चाल त्याची त्यालाच चालू द्यायची असते. ऑलिव्ह रिडलेची मादी साधारण शंभरेक अंडी घालून निघून जाते. मग वायंगणी, तांबळडेगसारख्या गावांतले कासवमित्र घरट्यांवर पहारा ठेवतात. पिल्लं बाहेर पडायला साधारण दीड-दोन महिने लागतात. वेळास गावात २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने सुरू केलेलं हे काम कोकणभर पसरलं आहे. पिल्लू अंधारात उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे जातं, आणि किनाऱ्यालगतच्या हॉटेलचा हॅलोजन समुद्रापेक्षा उजळ असतो.

तेव्हा हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत किनाऱ्यावर राहायला आलात तर समुद्राकडचा दिवा रात्री बंद ठेवायला सांगा, आणि ओळीत उमटलेले कासवाचे माग दिसले तर ते न तुडवता गावातल्या कासवमित्राला किंवा वनखात्याला कळवा.