दात काढण्याची कारणे : नोंदीतील व नोंदीबाहेरील

दात का काढले जातात, या प्रश्नाचे उत्तर दंतवैद्याच्या नोंदवहीत सहसा एकाच शब्दात मिळते : दंतक्षय, हिरड्यांचा रोग, अडकलेली अक्कलदाढ, अपघात किंवा कवळीसाठी करावयाची तयारी. देशोदेशींच्या पाहण्यांत यांपैकी पहिली दोन कारणे बहुधा अग्रस्थानी आढळतात. तरुण वयात दंतक्षयाचे आधिक्य असते. वय वाढते तसा हिरड्यांच्या रोगाचा वाटा वाढतो. हे वर्गीकरण उपयुक्त असले, तरी त्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. दात रोगट का झाला हे त्यावरून कळते. तो वाचविण्याऐवजी काढला का गेला, हे कळत नाही.

सोलापूरसारख्या श्रमिकांच्या नगरात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. येथे विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. अर्थात हात जितका वेळ थांबले, तितकी मजुरी बुडाली. दाढेतील कीड आतील मज्जेपर्यंत पोहोचली, की मुख्यतः दोन मार्ग उरतात. रूट कॅनॉल उपचारास बहुधा एकाहून अधिक खेपा घालाव्या लागतात आणि पुढे दाढेवर टोपी बसविण्याचा खर्च येतो. दाढ काढणे मात्र सामान्यतः एका बैठकीत व अल्प खर्चात आटोपते. अशा स्त्रीने दाढ काढविली, तर नोंदीत 'दंतक्षय' एवढेच पडते. बुडणाऱ्या मजुरीचा उल्लेख कोठेच होत नाही.

हिरड्यांच्या रोगाचीही हीच कथा. भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री, दातांना लावण्याची चाल महाराष्ट्रातील स्त्रियांत जुनी आहे. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून ती हाती येते व निकोटिनामुळे तिचे व्यसन जडते. तिने हिरड्यांची हानी होते. परंतु हिरड्यांचा रोग बहुधा फारशा वेदनेवाचून वाढत असल्यामुळे दात हलू लागेपर्यंत रुग्ण दंतवैद्याकडे जात नाही. वरची दाढ काढल्यास दृष्टी अधू होते, ही समजूतही विलंबास कारण होते. वस्तुतः दातांच्या व दृष्टीच्या मज्जातंतूंचे मार्ग भिन्न आहेत. या भीतीने दाढ वाचत नाही. जंतुसंसर्गास मात्र अवधी मिळतो.

निर्णयाचे कारण नेहमी रुग्णाकडेच असते, असेही नाही. 1910 मध्ये ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठातील व्याख्यानात मुखातील जंतुदोषाकडे अनेक व्याधींचे मूळ म्हणून बोट दाखविले. त्यानंतर काही दशके इंग्लंड-अमेरिकेत सांधेदुखीसारख्या विकारांसाठी असंख्य दात काढले गेले. पुढे ही उपपत्ती त्या व्यापक स्वरूपात टिकली नाही; गेलेले दात मात्र परत आले नाहीत.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने नोंदीत दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत : दात कोणत्या रोगाने बिघडला, आणि वाचविण्याजोगा असल्यास तो का वाचविला नाही. पहिल्याचा उपाय रोगप्रतिबंधात आहे. दुसऱ्याचा उपाय उपचारांची वेळ, खर्च व अंतर यांत शोधावा लागेल. दोन्ही एकाच शब्दात मिसळले, तर दारिद्र्याची गणना रोगात होईल.