स्वप्नातला दिवा आपल्या दिवाणखान्यात

चेन्नईतल्या अंबत्तूरची औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकातली. पत्रा कापणारे, वाकवणारे कारागीर तिथे हाकेच्या अंतरावर. दिवाणखान्यासाठी महागडा शोभेचा दिवा घेण्याआधी अशा कारागिराला एकदा भेटाच. आधी मात्र मॅन रे या अमेरिकन कलावंताची गोष्ट ऐका.

त्याने लॅम्पशेडचा कागद उलगडून नागमोडी लटकवला आणि तीच कलाकृती म्हणून १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी दिली. सफाई कामगाराने कचरा समजून ती फेकून दिली! (त्याला तरी दोष कसा द्यावा?) मॅन रेने आठवणींत लिहिले आहे की, मग त्याने पत्राकाम करणाऱ्याकडून तोच आकार कापून घेतला आणि पांढरा रंगवला.

ओळखीची वस्तू स्वप्नातल्यासारखी अनोळखी करणे, हीच अतिवास्तववादी कलेची गंमत. पुढे साल्वादोर दालीने इंग्लंडच्या एडवर्ड जेम्ससाठी शॅम्पेनचे प्याले एकावर एक रचल्यासारखा उभा दिवा केला, १९३८-३९ मध्ये.

आपल्याला मॅन रेची युक्ती परवडेल. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गोल चकती कडेपासून मध्याकडे चक्राकार कापून घ्या. मध्याला धरून उचलली की वेटोळी आपोआप खाली सुटतात. कडा कानशीने घासायला विसरू नका, मुलांची बोटे कापतील. दिवा पत्र्यात बसवू नका. बाजूला एलईडीचा दिवा ठेवा, म्हणजे वायर धातूला लागणार नाही आणि भिंतीवर सावली पडेल. पंख्यापासून मात्र लांब टांगा. हलक्या वाऱ्यानेही ती सावली फिरू लागते.