वेरा बिल, लाईट बिल आणि पत्र्याची खोली

गुड फ्रायडेच्या सुट्टीत मी घरी, पांडेसऱ्याला गेले होते. आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे कागद बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतात. त्यातून मी महानगरपालिकेचं वेरा बिल आणि वर्षभराची लाईट बिलं काढून बसले, तेव्हा आई म्हणाली, "आता काय बिलांवर कविता करणार का गं?"

वेरा म्हणजे आपली घरपट्टी. सुरतेत राहून आमच्या मराठीत असे बरेच गुजराती शब्द मुरलेत. कविता काही झाली नाही, पण त्या दोन कागदांवरून एक गोष्ट समजली, ती इथे सांगते.

वेरा बिलावर घराचं क्षेत्रफळ असतं. लाईट बिलावर जळलेले युनिट असतात. आमचं घर म्हणजे खाली स्लॅबची एक खोली आणि वर पत्र्याची एक, मिळून साधारण २८ चौरस मीटर. दोन-दोन महिन्यांच्या सहा बिलांची बेरीज आली १,८२० युनिट. भागाकार केला तर एका चौरस मीटरला वर्षाला ६५ युनिट. या आकड्याला एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजेच ईपीआय म्हणतात. एखादी इमारत किती वीज खाते हे दुसरीशी ताडून बघायचं तर हेच माप लागतं, कारण नुसत्या युनिटवरून मोठी इमारत नेहमी उधळी आणि लहान नेहमी काटकसरी दिसणार.

एका घराचा आकडा म्हणजे गंमत. हजारो इमारतींचे आकडे एकत्र आले की धोरण आखता येतं. न्यूयॉर्क शहराने २००९ साली कायदा करून ५०,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना दरवर्षी आपला वीज-पाण्याचा वापर जाहीर करायला लावला. सुरुवातीला फक्त माहिती द्यायची होती, दंड होता तो माहिती न दिल्याचा. पुढे आकडे साठत गेले, कोणत्या इमारती जास्त ऊर्जा खातात ते दिसलं, आणि २०१९ मध्ये मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा आला. आधी मोजणी, मग नियम, असा तो क्रम.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. ती १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आहे. घरांसाठीची इको-निवास संहिता २०१८ ची, पण तीही ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामांचा विचार करते. ऑफिसच्या इमारतींना २००९ पासून तारे मिळतात, फ्रिजवर असतात तसेच. पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीतलं एकही घर यात बसत नाही.

आता खरी गंमत. एसी ऑफिसला पाच तारे हवे असतील, तर हवामानाच्या पट्ट्याप्रमाणे त्याचा ईपीआय साधारण ८० ते १०० च्या खाली लागतो. आमचा ६५. म्हणजे ऑफिसची फूटपट्टी लावली तर आमचं घर पाच ताऱ्यांचं!

मे महिन्यात या पाच ताऱ्यांच्या घरात वरच्या खोलीत दुपारी पाय ठेवता येत नाही. पत्रा तापतो, पंखा गरम हवाच फिरवतो. आजी रात्री खाली दाराशी गोधडी टाकून झोपते. गेल्या उन्हाळ्यात तिला चक्कर आली आणि दोन दिवस सलाईन लावावं लागलं. आमचा आकडा कमी आहे तो घर चांगलं बांधलंय म्हणून नाही, एसी परवडत नाही म्हणून.

मागच्या गल्लीत तर याहून वेगळं आहे. तिथे मिल आणि लूमच्या कामगारांच्या खोल्या आहेत. एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने झोपतात, त्यामुळे पंखा चोवीस तास चालू. एका इमारतीत वीसेक खोल्यांना मिळून एकच मीटर आहे आणि घरमालक प्रत्येकाकडून वेगळे पैसे घेतो. वीज कंपनीच्या वहीत तो एकच ग्राहक. ईपीआय काढला तर ती इमारत 'उधळी' ठरेल, माणशी काढला तर सगळ्यात गरीब.

म्हणून मला वाटतं, धोरणाला दोन कागद पुरत नाहीत, तिसरा लागतो: छत कशाचं आहे, माणसं किती राहतात, मीटर एकाचा की अनेकांचा. आणि पहिले दोन तरी एकत्र कुठे आहेत? वेरा महानगरपालिकेकडे. वीज जुन्या शहरात टॉरेंट पॉवरची, आमच्याकडे दक्षिण गुजरात वीज कंपनीची. वेऱ्याचा नंबर वेगळा, ग्राहक क्रमांक वेगळा. हे जोडताना कुणाचं नाव किंवा बिल उघड करायची गरज नाही. गल्लीवार बेरीज पुरेशी आहे.

अशी जोडणी झाली तर काय होईल? तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं. २०२८ पर्यंत राज्यात ३०० चौरस किलोमीटर छतं उष्णता परतवणारी करायची असं त्यांचं लक्ष्य आहे. पांढरा, ऊन परतवणारा थर दिला की खालची खोली काही अंशांनी थंड राहते, तेही युनिट न जाळता. पण सुरुवात कोणत्या छतांपासून करायची? ज्या गल्लीत पत्रे जास्त, माणसं जास्त आणि माणशी वीज कमी, तिथून. हे सांगायला आकडेच हवेत, फक्त नीट विचारलेले.

आपल्या मंडळातल्या मित्रमैत्रिणींनी एकदा आपापल्या घराचा भागाकार करून बघावा. उत्तर कमी आलं तर लगेच खूश होऊ नका. सगळ्यात वरच्या खोलीत कोण झोपतं, तेही त्याच कागदावर लिहा.

आमच्या कागदावर मी लिहिलंय: पत्रा, पाच माणसं, आजी दाराशी. या पावसाळ्याआधी पप्पा पत्र्याला पांढरा रंग देणार आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा भागाकार करीन. ६५ चे ६५ च राहिले आणि आजी वरच्या खोलीत झोपली, तरी मी त्याला बचतच म्हणेन.